भुरीचं अर्धं तिकीट

आमच्या आण्णाचं एक कबूतर सरकारी बसनं, रीतसर तिकीट काढून निपाणीला आलं, असं मी सांगायला लागले की माणसं आधी माझ्याकडं बघतात, मग एकमेकांकडं बघतात आणि मग मला चहा घेणार का विचारतात. चहा मी घेते. पण गोष्ट सोडत नाही. मी बेळगावात हायस्कूलला विज्ञान शिकवते, आणि विज्ञान शिकवणारी बाई खोटं बोलत नसते. फार तर प्रमाण थोडं मोठं धरते. नकाशा काढणारे नाही का वाट्टेल ते प्रमाण धरत? त्यांना कुणी खोटारडे म्हणत नाही.

आण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. निपाणीत वकिली करतो. आमचे वडील तिथल्या तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे. त्यांनी आमच्यासाठी दोन गोष्टी मागं ठेवल्या, शिक्षण आणि कबुतरांची ढाबळ. शिक्षण आम्ही दोघांनी वाटून घेतलं. ढाबळ एकट्या आण्णानं घेतली. बुद्धविहाराच्या मागं आमचं घर आहे. त्याच्या गच्चीवर वखारीतल्या मोडक्या पेट्यांच्या फळ्यांची ही ढाबळ वडिलांनी स्वतःच्या हातानं ठोकली. कबुतरांसाठी खण, पुढं उतरायला फळी, वर पत्रा. त्या फळ्यांना अजून तंबाखूचा वास येतो. मे महिन्यात पत्रा तापला की वास असा सुटतो, की गल्लीतनं जाणारा माणूस आपोआप खिशात चुन्याची डबी चाचपतो आणि कबुतरं एका सुरात शिंकतात. कबूतर शिंकत नाही म्हणणाऱ्यानं मे महिन्यात आमच्या गच्चीवर यावं.

माझी वहिनी सरकारी दवाखान्यात सिस्टर आहे. तिनं वॉर्डात नुसतं "गप्प!" म्हटलं की सलाईनसुद्धा थेंब टाकायचं थांबतं. घरात मात्र तिचं एकाच ठिकाणी चालत नव्हतं, गच्चीवर. तिचा पांढरा युनिफॉर्म वाळत घातला रे घातला की कबुतरांना नेमकं तिथंच बसावंसं वाटायचं. पांढऱ्यावर पांढरं पडलं तरी दिसतंच. शिवाय तिला छपरावर सोलर बसवायचं होतं. विजेचं बिल, पाणी तापवायचं, सगळं एका दमात सुटणार होतं, आणि मध्ये उभी होती ती सासऱ्यांची ढाबळ.

"ह्या कबुतरांनी आजवर घरात काय आणलंय? शीट सोडून सांगा," एकदा जेवताना वहिनीनं विचारलं.

"नाव आणलंय, नाव!" आण्णा ताटावरनं उठायच्या बेतात आला. "निपाणीत विचार कुणालाबी."

"विचारलं की. लोक मला 'कबूतरवाल्या वकिलाची बायको' म्हणत्यात. दोन वर्षं झाली, एक शर्यत जिंकला न्हाय तुम्ही."

"यंदा भुरी जिंकती!"

भुरी म्हणजे ढाबळीतली राखी रंगाची मादी. दिसायला साधी, पण नजर अशी की समोरच्यानं कबुली द्यावी. मी आपली मधल्यामध्ये चपाती मोडत होते, तर वहिनी माझ्याकडं वळली. "तुम्ही ऐकताय न्हवं वन्सं? साक्षीदार ऱ्हावा. भुरी पहिली आली तर जन्मात ढाबळीकडं बोट दाखवणार न्हाय मी. न्हाय आली, तर सोमवारी सोलरवाला येणार. व्हय का न्हाय?"

"व्हय!" आण्णानं पाण्याचा तांब्या आपटला. "दिवस मावळायच्या आत भुरी ढाबळीत नसली, तर सोताच्या हातानं फळ्या काढतो."

बोलून गेला खरा. त्या फळ्यांतला एकेक खिळा वडिलांनी जुन्या पेट्यांतनं उपसून, दगडावर ठोकून सरळ केलेला होता. ते आम्हा दोघांना आठवलं. पण वकिलाला शब्द मागं घेता येत नाही, निदान बायकोसमोर तरी.

शर्यत अशी असते. आदल्या संध्याकाळी निपाणीतले सगळे कबूतरवाले आपापली पाखरं टेंपोत भरून हावेरीला धाडतात. तिथं सकाळी उजाडताना सगळी एकदम सोडायची. पाखरू आपल्या ढाबळीत उतरलं की मालकानं त्याच्या पायातल्या कडीचा फोटो काढून ग्रुपवर टाकायचा. पहिला फोटो ज्याचा, तो वर्षभर मिशीला पीळ देऊन हिंडणार. चांगलं पाखरू सकाळच्या न्याहारीला घरी असतं. भुरीच्या कडीवर आण्णानं माझा फोन नंबर घातला होता. तो कोर्टात असला की फोन उचलत नाही, आणि कोर्टात नसला की कबुतरांत असतो.

शर्यतीच्या दिवशी मी बेळगावात होते, कॅम्पातल्या माझ्या भाड्याच्या घरात. खालच्या मजल्यावर एक फौजीण राहते. तिचा नवरा लडाखला. सकाळी मी दूध घ्यायला उतरले तर तिनं फोन माझ्या नाकाला लावला. "टीचर, ये देखो. इन्होंने भेजा है."

फोटो रात्रीचा, आणि डोंगरामागचं आकाश लालभडक होतं. जास्वंदीच्या फुलासारखं. मला वाटलं, कुठं तरी आग लागलीय. मग ट्यूब पेटली आणि हातातलं दूध निम्मं पायरीवर सांडलं. ते निम्मं मांजरानं प्यायलं, म्हणजे त्या दिवशी सौर वादळाचा फायदा झालेला पहिला प्राणी ते मांजर.

थोडं विज्ञान सांगते, कंटाळा करू नका. सूर्याच्या तोंडावर अधूनमधून डाग पडतात. त्या आठवड्यात पडलेला डाग इतका दांडगा होता की आपली पृथ्वी त्यात हरवली असती आणि तिला शोधायला गेलेला चंद्रसुद्धा परत आला नसता. त्या डागापाशी सूर्यानं ढेकर दिली. एक नाही, एकामागून एक, लग्नातल्या पंगतीत देतात तशी. सूर्याची ढेकर म्हणजे विजेनं भारलेल्या तप्त कणांचा लोट. तो दोनेक दिवसांत पृथ्वीवर येऊन आदळतो. पृथ्वीनं चुंबकीय क्षेत्राची छत्री धरलेली असते म्हणून आपण वाचतो, पण छत्री हेलकावे खाते. मग ध्रुवांकडचं आकाश रंगतं, फारच जोर असला तर लडाखपर्यंत रंग पोचतो. उपग्रह भांबावतात, लांब पल्ल्याचे रेडिओ खरखरतात, कुठं कुठं विजेच्या तारांत नको तो प्रवाह शिरतो. माणसाला जमिनीवर काही होत नाही. माणूस तसाही भांबावलेलाच असतो.

पण कबुतराचं वेगळं. कबूतर सूर्य बघून वाट काढतं, वासावर काढतं, खाणाखुणा ओळखतं, आणि ढगाळ असलं की त्याला आतल्या आत पृथ्वीचं चुंबक जाणवतं म्हणतात. सौर वादळात ते चुंबकच डळमळतं आणि पाखरं चुकतात. याबद्दल शास्त्रज्ञांचं अजून पूर्ण एकमत नाही. कबूतरवाल्यांचं आहे, पण ते फक्त हरल्यावर.

सुट्टीत दुरुस्तीला म्हणून शाळेचं होकायंत्र मी घरी आणलं होतं. ते टेबलावर ठेवलं. सुई अशी नाचली, अशी नाचली, की लेझीम पथकानं शिकावं. टेबलाला माझा गुडघा लागत होता, ती गोष्ट निराळी. मी आण्णाला फोन लावला.

"आण्णा, पाखरं सोडू नका म्हणावं हावेरीत! सूर्यावर वादळ झालंय."

"कुठं?"

"सूर्यावर!"

"लई लांब हाय की गं ते. इथं नुसतं ढग आल्यात. हावेरीतबी ढग हाईत म्हणं."

"मग तर लईच वाईट! ढगात सूर्य दिसणार न्हाय, आणि चुंबकाचा तर पार..."

"सोडली की पाखरं. मघाशीच सोडली," आण्णा म्हणाला. "आता काय करू म्हणतीस? सूर्याला समन्स काढू?"

न्याहारीची वेळ झाली, कुणाचंच पाखरू आलं नाही. जेवणाची वेळ झाली तरी नाही. निपाणीतल्या एकूण एक गच्चीवर एकेक माणूस आकाशाकडं मान करून उभा होता आणि दाण्याचा डबा खडखडवून शीळ घालत होता. त्या खडखडाटाला फसून वखारींच्या पत्र्यांवरची जंगली कबुतरं तेवढी खाली आली. त्या दिवशी ती पोटभर जेवून गेली, काहींनी घरच्यांसाठी चोचीत बांधून नेलं. आण्णा मला दर थोड्या वेळानं फोन करायचा आणि "आली न्हाय" म्हणून ठेवायचा. शेवटी म्हणाला, "फळ्या काढल्या तर ठेवायच्या कुठं गं? तुझ्याकडं जागा हाय काय?"

एवढ्यात दुसऱ्या नंबरवरनं फोन आला.

"कोण बोलतासा?" बाईचा आवाज. मागं आगगाडीची शिट्टी. "तुमचं कबूतर माझ्या चुलीपुढं बसलंय बगा. पायात नंबर हाय. तुमचंच न्हवं?"

"कुठनं बोलताय मावशी?"

"गुंजीतनं. स्टेशनाजवळ घर हाय. सकाळच्यानं आलंय. आधी रुळावर चालत हुतं, मग गाडी आली तसं उडून माझ्या दारात आलं. नाचणी घातली, खाल्ली. आता जायचं नावच घेत न्हाय."

गुंजी म्हणजे खानापूरच्या पुढचं, जंगलाच्या कडेचं. हावेरीहून निपाणीला येताना तिकडं जायचं काही कामच नाही. मग मला उलगडलं आणि मी स्वयंपाकघरात एकटीनं टाळ्या वाजवल्या. वर ढग, आतलं चुंबक डळमळलेलं. अशा वेळी शहाणं कबूतर खाली बघतं आणि एखादा रस्ता, एखादा रूळ धरतं. भुरीनं रेल्वे धरली होती! हावेरी, हुबळी, धारवाड, लोंढा आणि गुंजी. तिथनं रूळ धरून ती बेळगावला आलीच असती, फक्त क्रॉसिंगला गुंजीत थांबली. आपल्याकडच्या पॅसेंजर गाड्या तरी दुसरं काय करतात?

मी तशीच निघाले. खानापूर, तिथनं गुंजी. मावशीनं भुरीला एका वेताच्या बुट्टीत घालून वर फडकं बांधून ठेवलं होतं. म्हणाली, "लई गुणाची पोर हाय. फकस्त घरची आठवण काढती." मी तिला म्हटलं, कबूतर आठवण काढतंय हे कसं कळलं? तर म्हणाली, "मी बी माहेर सोडून आलीया की."

बेळगावात पोचून निपाणीची बस पकडली तेव्हा दिवस कलला होता. बस साधी, ठेचून भरलेली. आपल्या कर्नाटकात बायकांना साध्या बसला तिकीट नाही, म्हणून मी आधार कार्ड दाखवून निवांत बसले, बुट्टी मांडीवर. कंडक्टरनं बुट्टीकडं बोट केलं.

"येनु अदरल्ली?"

"कबूतर."

"कोळी इरली, पारिवाळ इरली, हाफ टिकेट." कोंबडी असो नाहीतर कबूतर, अर्धं तिकीट.

मी पर्स उघडणार तोवर मागच्या सीटवरचे एक आप्पा उठले. "ओ कंडक्टर, नर हाय का मादी हाय बघा आधी!"

"मादी आहे," मी म्हटलं.

"मग तिला फ्री हाय की! बायकांना फ्री म्हणजे सगळ्या बायकांना!"

बसमधल्या झाडून साऱ्या बायका भुरीच्या बाजूनं उभ्या राहिल्या, म्हणजे उभ्या होत्याच, अजून ताठ झाल्या. कंडक्टर मुरलेला गडी होता. म्हणाला, "बिडरी, फ्री कोडतेनी. आधार कार्ड तोरसरी." देतो फ्री, आधार कार्ड दाखवा.

"नंबर हाय की पायात!"

"फोटो इल्ला."

"समोर बसलीय न्हवं जित्ती? फोटो कशाला?"

"कर्नाटकदवरा? कर्नाटकातल्यांनाच फ्री. राहणार कुठली?"

आता पंचाईत. आमची कबुतरं दाणे टिपायला रोज सीमेपलीकडं, महाराष्ट्रात कागलच्या शिवारात जातात आणि अंडी घालायला निपाणीत येतात. त्यांचा प्रश्न कुठल्या कोर्टात न्यावा ते आण्णालासुद्धा सांगता येत नाही. मी मुकाट अर्धं तिकीट काढलं. बसमध्ये हळहळ पसरली.

आण्णाला फोन केला, तर त्यानं तिकडं आणि गोंगाटात ऐकू यावं म्हणून मी इकडं स्पीकरवर टाकला. "भुरी सापडली! बसमध्ये आहे माझ्यासंगं. दिवस मावळायच्या आत पोचतो."

आण्णाचा हुंकार मला ऐकू आला. लगेच वहिनी. "थांबा. बसनं आलेलं कबूतर म्हंजे पार्सल. उडत आलं पायजे."

"तसं ठरलं नव्हतं!" आण्णा कडाडला. "ढाबळीत आली पायजे, एवढंच ठरलंय. कशी आली पायजे, ते न्हाय."

"कोर्टात बोला ते. घरात उडत."

सगळी बस ऐकत होती. शेवटी तडजोड झाली. निपाणीच्या अलीकडच्या तवंदी घाटात मी भुरीला सोडायची, तिथनं ती आपल्या पंखांनी ढाबळीत आली तर वहिनी मान्य करणार. घाटातनं निपाणी दिसते. आणि वारा बरा असला तर तंबाखूचा वासही येतो. कंडक्टरनं, तोच तो, न मागता शिट्टी मारून बस घाटावर उभी केली. सगळी बस खाली उतरली. मी फडकं सोडलं. भुरी झेपावली, बसभोवती एक फेरी मारली, दुसरी मारली, वाटलं निघाली आता. आणि ती आली आणि बसच्या टपावर बसली.

"हुश्श! हुश्श!" सगळे ओरडले. एका बाईनं ओढणी फिरवली. भुरी जागची हलली नाही. सकाळपासून जे उडवलं होतं सूर्यानं तिला, त्यानंतर तिचा आकाशावरचा विश्वासच उडाला असावा. बसवर मात्र बसला होता.

"टाइम आयतु," कंडक्टर घड्याळाकडं बघत म्हणाला. "बर्री, बर्री. चला आता. टपावरचं तिकीट नसतंय."

आणि अशी ती आली निपाणीला, बसच्या टपावर, वाऱ्यात मान ताठ करून, एखाद्या आमदाराच्या मिरवणुकीसारखी. रस्त्याकडेची माणसं वाहनं थांबवून बघत होती. एक म्हातारा हात जोडून उभा होता. तो दुसऱ्याच कशाला तरी जोडत असेल, पण वेळ भुरीची होती. स्टँडवर बस शिरली तशी ती उठली आणि घराच्या दिशेनं गेली.

मी रिक्षा केली. गच्चीवर धापा टाकत पोचले तर ढग पांगून सूर्य वखारीच्या पत्र्याला टेकला होता, आणि भुरी समोरच्या पाण्याच्या टाकीवर बसली होती. ढाबळ तिच्या समोर. मध्ये फक्त गल्ली. आण्णा डबा वाजवत होता, शीळ घालत होता, शेवटी शेवटी तर हात जोडून "ये की गं" म्हणत होता. भुरी अंग चोरून बसली होती. टाकीखालच्या पत्र्यावर शेजाऱ्यांचं बोक्या मांजर पोट घासत वर सरकत होतं.

आण्णाचा हात थांबला. डबा खाली ठेवून तो ढाबळीच्या कडेला गेला आणि एका फळीवर तळहात टेकून उभा राहिला. त्याचा चेहरा मला बघवेना.

वहिनी जिन्याच्या तोंडाशी उभी होती. सूर्याकडं बघितलं, टाकीकडं बघितलं, बोक्याकडं बघितलं. मग दोरीवरचा आपला पांढरा युनिफॉर्म खेचून हातात घेतला, कठड्याशी गेली आणि तो हवेत हलवत वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "ए भुरे! चल घरात! बास झालं हिंडणं!"

भुरी उठली, गल्ली ओलांडली आणि थेट त्या युनिफॉर्मवर येऊन बसली. इतक्या वर्षांची तिची ओळखीची जागा ती. चुंबक डळमळलं, सूर्य बिघडला, पण तेवढी एक खूण जागेवर होती. वहिनीनं तिला तशीच युनिफॉर्मात गुंडाळली, चार पावलं चालून ढाबळीत ठेवली आणि दार लावलं. मागं सूर्य बुडाला.

आण्णानं फोटो काढला. घाईत कडीऐवजी वहिनीची बांगडी आली. दुसरा काढला. त्या दिवशी निपाणीत दुसरं एकही पाखरू परतलं नव्हतं, काही दोन-तीन दिवसांनी आली.

"वहिनी," मी म्हटलं, "एक सांगायचंय. घाटातनं ती उडत आली न्हाय. टपावर..."

"ठाऊक हाय. सगळी निपाणी सांगत आली तुमच्या आधी." ती युनिफॉर्मवरचा नवा डाग बघत होती. "दिवेलागणीला घरचं कुणी बाहेर ऱ्हायचं न्हाय. म्हणून हाक मारली. पैज बिज तुमची तुम्ही बघा."

सोमवारी सोलरवाला आला. वहिनीनं त्याला नको म्हणून सांगितलंच नव्हतं. पैज संपली का ते वहिनीला विचारायचा धीर झाला नव्हता, म्हणून आण्णा हातात पक्कड घेऊन ढाबळीपुढं उभा, चेहरा पडलेला. वहिनीनं सोलरवाल्याला जिन्याच्या वरचा सपाट भाग दाखवला. "हितं बसवा. पुरंल न्हवं?"

"पुरंल की. ऊनबी हितंच जास्त," तो म्हणाला.

आण्णानं पक्कड खिशात घातली. "ही जागा होती व्हय?"

"पहिल्यापासनं," वहिनी म्हणाली. "तुम्ही कधी विचारलं न्हाय."

अर्धं तिकीट आण्णानं काचेत बसवून ढाबळीच्या दारावर लावलं आहे. बाकीचे कबूतरवाले कुरकुरतात, बसनं आलेलं पाखरू पहिलं कसं? आण्णा तिकिटाकडं बोट दाखवतो. फुकट आलेली नाही म्हणतो. रोज सकाळी तो कोर्टात जायच्या आधी काळ्या कोटाच्या बाह्या वर करून सोलरची तावदानं पुसतो, कारण भुरीला आता युनिफॉर्मपेक्षा ती जास्त आवडायला लागली आहेत.

आणि दर शर्यतीच्या आदल्या दिवशी मला वहिनीचा फोन येतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. ड्यूटीवरनं विचारतात त्या सुरात विचारते, "काय वन्सं, सूर्याची तब्येत कशी हाय आज?" मी सांगितलं की बरी आहे, तरच भुरी टेंपोत चढते.